मधले गाव



यंदाच्या रोवणीत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधीवर गेलो होतो. पऱ्हे काढून पेंढ्या धुऱ्यावर ठेवल्या होत्या, बाया ओळीने रोवत होत्या. मी नत्राच्या मात्रेचे सांगत होतो आणि गृहस्थ नुसते मान हलवत होते. मन कुठे दुसरीकडेच. शेवटी म्हणाले, "सायेब, युरियाचा राहू द्या. एक घरचा इचारतो."

त्यांच्या मुलीचे उन्हाळ्यात लग्न झाले. मुलगी गोंदियाला दवाखान्यात परिचारिका, जावई नागपूरला कंपनीत. दोघांच्या मध्ये रेल्वेचे १३० किलोमीटर. आता खोली करायची कोठे? सगळे नातेवाईक एकच सांगतात : मध्ये भंडारा आहे, भंडाऱ्याला राहा, दोघांनाही सारखेच पडेल.

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हा सल्ला पंचवीस वर्षांपूर्वी मलाही मिळाला होता, आणि मी तो ऐकला होता.

माझे लग्न १९९६ सालचे. मी कृषी विभागात विस्ताराच्या कामावर, मुख्यालय भंडारा तालुक्यातले एक मोठे गाव. आमच्या सौ. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, शाळा तिरोडा तालुक्यातल्या एका खेड्यात. तेव्हा तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होता. दोन-तीन वर्षांत विनंती अर्ज करू, बाई इकडच्या शाळेत येतील, असा साधा हिशेब होता. तोवर त्या तिकडे खोली करून राहिल्या. पण १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिरोडा तिकडे गेला. पेपरात नकाशा आला, पेढे वाटले गेले. आमच्या घरात मात्र त्या नकाशावरची रेघ बरोबर चुलीच्या मधून गेली! शिक्षकांची ज्येष्ठता जिल्हावार. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायचे म्हणजे आंतरजिल्हा बदली, आणि नव्या जिल्ह्यात यादीच्या अगदी तळाशी नाव. झालेली नोकरी जणू पुसून टाकायची. मुलगी तेव्हा वर्षाची होती.

मग सगळ्यांनी सांगितले म्हणून आम्ही तुमसरला खोली घेतली. नकाशावर पाहाल तर तुमसर खरोखर मधले आहे. पण माणूस नकाशावरून चालत नाही, गाडीच्या वेळेवरून चालतो. सौ. पहाटे साडेचारला उठायच्या. स्वयंपाक, डबे, मुलीचे आवरून रिक्षाने देव्हाडीला, कारण तुमसर रोडचे स्टेशन तिथे आहे. तिथून पॅसेंजरने तिरोडा आणि तिथून सायकलने शाळा. शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे त्या दिवशी साडेतीनला उठणे. मी एसटीने मोहाडीवरून भंडाऱ्याला, आणि तिथे एका मित्राकडे ठेवलेली मोटारसायकल काढून पुढे मुख्यालयाला. संध्याकाळी पोचायला दोघांनाही सात. मुलगी शेजारच्या आजींकडे. आम्ही दारात आलो की बहुतेक वेळा ती झोपलेली असे. आजी तिला तशीच खांद्यावर आणून देत. शाळेतली पोरे सौं.ना 'बाई' म्हणत, तर ही पोरगीही आईला 'बाई'च म्हणू लागली. आम्ही हसायचो. सौ. हसायच्या थोड्या कमी.

आता माझी चूक सांगतो. विस्ताराच्या कामात मुख्यालयी राहणे हा नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. शेतकरी दिवसा शेतात असतो. तो बोलायला मोकळा होतो दिवेलागणीला. त्या वेळी मी एसटीच्या खिडकीशी डुलक्या घेत असे. कागदावर मात्र मुख्यालयी राहत होतो, घरभाडे भत्ताही उचलत होतो.

२००१ च्या ऑक्टोबरात धान निसवले आणि एका शेतकऱ्याच्या बांधीत मधूनमधून गोल चट्टे जळाल्यासारखे दिसू लागले. तुडतुडा. तो चुडाच्या बुडाशी बसतो, वरून दिसत नाही. तो गृहस्थ दोन संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. तिसऱ्या दिवशी दुकानातून हाती आले ते औषध आणून वरून मारून मोकळा झाला. ते सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले निघाले. त्याने कोळ्यासारख्या मित्रकिडी आधी मरतात आणि तुडतुडा उलट वाढतो. बांधीतले पाणी सोडून द्या, योग्य औषध बुडाशी पडेल असे फवारा, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली असती. त्याचे दीड एकर गेले. मी गेलो तेव्हा तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "दोन रोज तुमच्या दारी आलो सायेब, कुलूपच भेटला."

ते वाक्य घरी सांगितले. सौ. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशेब मांडला : दोघांचे मिळून दिवसाचे सहा तास गाडीत. माझ्यापुढे वही सरकवून म्हणाल्या, "मधे राहून तुमच्या गावालाही आपण अर्धे, माझ्या शाळेलाही अर्धे, आणि पोरीला तर तेवढेही नाही."

जून २००२ मध्ये आम्ही दोन खोल्या केल्या. त्या मुलीला घेऊन तिरोड्याला, मी मुख्यालयी. पण मुलीजवळ दिवसभर कोण? माझी आई गेली. तुम्ही म्हणाल, झाले की मग, प्रश्न मिटला! आमचा मिटला. पण गावी तीन एकर धान, एक बैलजोडी आणि माझे वडील उरले. साठी ओलांडलेला माणूस चार वर्षे हाताने भात शिजवून खात होता. मी रविवारी गेलो की विचारायचे, "पोरगी बरी आहे ना?" आईचे नाव घ्यायचे नाहीत. एकदा पाहिले, चुलीजवळ आईच्या पाटावर त्यांनी पाण्याचा गडवा ठेवला होता. नवराबायको नोकरीपायी वेगळे राहतात त्याची सगळे चर्चा करतात. त्यांच्यासाठी घरातली कोणती दुसरी जोडी वेगळी होते, ते कुणी मोजत नाही. मीही मोजले नव्हते.

आणि खरे सांगायचे तर एवढ्या खटाटोपाची गरजच नव्हती. माझी नेमणूक नागपूर विभागातली. भंडाऱ्यातून गोंदियात जाताना माझे काही बुडत नव्हते. बुडत होते ते सौं.चे. जिची नोकरी हलू शकत नाही तिला खुंटी समजून, ज्याची हलू शकते त्याने तिकडे जायचे, हे शाळेतल्या पोराला कळेल असे गणित. पण नवऱ्याने बायकोच्या गावी बदली मागायची, हे माझ्या डोक्यात सात वर्षे आलेच नाही. बी.एस्सी. कृषी होऊनही. अर्ज केला आणि २००६ मध्ये तिरोडा तालुक्यात बदली मिळाली. आई गावी परत गेली. त्या दिवशी वडिलांनी बैल धुतले होते. पोळ्याला अजून दोन महिने होते.

पुढे शिक्षकांच्या बाबतीत थोडी सोय झाली. २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत, पतिपत्नीच्या कामाच्या ठिकाणांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर बदलीत अग्रक्रम देण्यात आला. तुमच्या घरात असे कोणी असेल तर जरूर चौकशी करा. पण धुऱ्यावरच्या त्या गृहस्थांना याचा उपयोग नव्हता. मुलगी शिक्षिका नाही.

त्यांना मी म्हटले, "भाऊ, भंडाऱ्याला खोली करू नका. स्टेशन वरठीला, शहरापासून दूर. पोरीला रात्रपाळी असणार. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने पुन्हा गाडीत बसू नये, घर दवाखान्याजवळच हवे. खोली गोंदियाला करा. जावईबापूंनी नागपूरला एखाद्या मित्रासोबत राहावे, नाहीतर पास काढून जाणे-येणे करावे. आणि कंपनी त्यांना बदलता येते का, ते आज ना उद्या पाहावे."

ते गप्प राहिले. मग पेंढी सोडता सोडता म्हणाले, "जावयाचा तसाच म्हणना आहे. पोरीनं गोंदियात खोली पाहून बी ठेवली."

"मग अडले कुठे?"

"तिच्या सासूले कोन सांगन?"

म्हणजे अर्धा तास मी वेगळ्याच रोगावर औषध सांगत होतो. सून लेकाला सोडून वेगळ्या गावी राहते हे ऐकल्यावर त्या घरी काय होईल, याची त्यांना धास्ती होती. मुलीच्या बापाने तोंड उघडले तर उलटेच व्हायचे.

हल्ली मी पुन्हा भंडारा जिल्ह्यात आहे आणि सौ. तिरोड्याकडेच, शनिवार-रविवारचा संसार पुन्हा सुरू आहे. तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही दोघे त्या सासूबाईंकडे गेलो. मी धानापासून सुरुवात केली आणि धानातच अडकून पडलो. बोलल्या सौ.च. पहाटेची रिक्षा, देव्हाडीचे स्टेशन, 'बाई' म्हणणारी पोरगी, सगळे सांगितले. माझ्या आईचे चार वर्षांचे तिरोडाही सांगितले. ते ऐकून सासूबाईंनी आत बसलेल्या आपल्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहिले.

चहाचे कप उचलताना त्यांनी विचारले, "शनिवारची गाडी गोंदियाले किती वाजता पोचते?"