भरणी

मराठीतील ‘भरणे’ हे क्रियापद मोठे सोशिक आहे. घागर भरली जाते, जखम भरते, दिवस भरतात आणि बंदूकही भरली जाते. शिकारकथांच्या वाचकाला बंदूक भरण्याचा क्षण चांगलाच परिचित असतो. काडतूस भरण्याची संध्याकाळ मात्र त्याला ठाऊक नसते. अमेरिकेत असंख्य शिकारी आपली काडतुसे घरीच भरतात. त्या उद्योगाला तेथे ‘हँडलोडिंग’ म्हणतात. शिकारकथा जेथे रंगात येते, तेथे या माणसाचे काम बहुतांशी संपलेले असते.

काडतुसाची अंगे चार : पितळी कवच, पेट घेणारी टोपी, दारू आणि गोळी. पैकी पुन्हा वापरता येते ते केवळ कवच. सुमारे सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त अशा पितळेचे हे कवच दारू पेटताच फुगते, रायफलीच्या कोठडीला घट्ट बिलगते, वायूला मागे येऊ देत नाही आणि क्षणात किंचित आकसते. म्हणजे एकदा डागलेल्या कवचावर त्या एकाच रायफलीच्या कोठडीचा ठसा उमटलेला असतो. कारखान्यातले काडतूस त्या जातीच्या प्रत्येक रायफलीत बसावे लागते. म्हणूनच ते कोणत्याही एकीचे नसते. घरी भरणारा शिकारी हा ठसा जपतो. साच्यात कवचाची मान तेवढी पूर्ववत करतो, लांबी वाढली असेल तर कातरतो, वारंवारच्या वापराने कडक झालेल्या मानेला ताव देऊन मऊ करतो.

मग दारूचे वजन. ते ग्रेनमध्ये होते. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. तराजू ग्रेनचा दहावा भाग, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम, दाखवतो. ‘ग्रेन’ या शब्दाच्या मुळाशी धान्याचा दाणा आहे, जशी आपल्या सोनाराच्या गुंजेच्या मुळाशी वेलीवरची बी आहे. सोने आणि दारू या दोन्हींसाठी माणसाने दाण्याचे माप पत्करले, याचे कारण उघड आहे : दोन्हींत थोड्याचे मोल फार. छापील कोष्टकातील कमी मापापासून सुरुवात करून, प्रत्येक मापाच्या काही गोळ्या झाडून, निकाल वहीत नोंदवत तो हळूहळू वर सरकतो. दाब वाढला की टोपी चपटी होते, बोल्ट जड उघडतो. त्या खुणा ओलांडणाऱ्याची रायफल फुटूही शकते. आणि सर्वांत वेगवान भरणी ही पुष्कळदा सर्वांत नेमकी नसते, हे प्रत्येकाला आपापल्या वहीतूनच शिकावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. चांगली रायफल शंभर यार्डांवर इंच-दीड इंचाच्या वर्तुळात गोळ्या टाकते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र आठ-दहा इंचांचे असते. साध्या अंतरावर कारखान्याचे काडतूस पुरेसे असते, हे काडतुसे भरणाराही जाणतो. पण रानात वारा असतो, धाप लागलेली असते, हात थरथरतो. या चुका एकमेकींत मिसळतात, आणि त्यांतील जी आधी घरी बसून कमी करता येते ती केलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे असते. चुकलेली गोळी परवडते. अर्धवट लागलेली परवडत नाही, कारण जखमी जनावर झुडपात शिरते आणि मरायला रात्र घेते.

नेम साधला तरी गोष्ट संपत नाही. 1946 साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या एका मूसवर आदळताच फुटल्या आणि आत खोल गेल्याच नाहीत. त्यातून त्याने मध्ये आडभिंत असलेली गोळी घडवली : पुढचा भाग उमलावा, मागचा शाबूत राहून आत शिरावा. 1948 पासून ती विकली जाऊ लागली. या उमलणाऱ्या गोळीचे एक जुने नाव भारतीय वाचकाच्या घराजवळचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रकारखान्यात तशी गोळी बनली, आणि 1899 च्या हेग परिषदेने युद्धात तिचा वापर निषिद्ध ठरवला. जी गोळी माणसावर झाडणे क्रौर्य मानले गेले, तीच जनावराच्या बाबतीत दया ठरली. सैनिकाला जखमी करून रणातून बाजूला सारता येते. हरणाला रुग्णालय नसते. हा युक्तिवाद खोटा नाही, पण तो ऐकताना मन निःशंकही राहत नाही.

कारण नेमकेपणा हा स्वतःच सद्गुण नव्हे. 1870 च्या दशकातील व्यावसायिक बायसन-शिकारी आपली काडतुसे स्वतःच भरत. त्यांचा नेम उत्तम होता, हिशोबही काटेकोर होता. 1889 च्या सुमारास उत्तर अमेरिकेत जेमतेम हजाराच्या आसपास बायसन उरले होते. तराजू तोच, दाणाही तोच. वहीत काय लिहायचे नाही, हे मात्र तराजू सांगत नाही.

आता त्या वहीत एक नवा रकाना आला आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण मेलेल्या जनावराच्या आतड्यांत राहतात आणि ती खाणारे कॅलिफोर्नियाचे काँडोर गिधाड विषबाधेने मरते. डायक्लोफेनॅकने आपली गिधाडे कशी गेली हे पाहिलेल्या देशाला हे वेगळे समजावून सांगायला नको. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके. म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, कवचातली जागा व्यापते आणि जुनी मापे निरुपयोगी ठरतात. कित्येक वर्षांच्या नोंदी असलेला शिकारी त्यामुळे पुन्हा कोष्टकातील सर्वांत खालच्या मापापाशी येऊन बसतो. या वेळी त्याला हरणापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पक्ष्याचाही नेम चुकवायचा असतो.