तासाला तास

आमच्या लहानपणी पाचोऱ्यात व्हिडिओ म्हणजे लग्नाची कॅसेट. हॅलोजन उंच धरलेला पोऱ्या, त्याच्यामागे फरफटणारी वायर आणि त्या उजेडात डोळे मिचकावत अक्षता टाकणारं वऱ्हाड. पुढे नानांनी हॅन्डीकॅम घेतला, पण लग्नं फारशी टिपलीच नाहीत. त्यांनी पीजे टिपली. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. आईचं माहेर शेंदुर्णीचं, त्यामुळे ती घरचीच.

कॅसेट मिनीडीव्हीची, काड्यापेटीहून जराशी मोठी. तिच्यात चित्र आकड्यांत उतरतं, म्हणून कितीही नकला काढा, फिकट होत नाही. मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला तो व्हीएचएसवर, दोन व्हीसीआर जोडून. तिथे प्रत्येक नकलेला चित्र थोडं विरतं. आमचा डाव त्यापेक्षा सोपा होता म्हणायचा.

सोपा म्हणजे कसा? कॅमेऱ्याच्या यूएसबीने नुसते फोटो येत. व्हिडिओसाठी फायरवायर लागे. त्याचं कार्ड आणि वायर जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणली. एक्सपीवरच्या मूव्ही मेकरमध्ये डीव्ही-एव्हीआय निवडायचं, की कॅमेरा आपोआप कॅसेट फिरवू लागे. पण तासाभराची कॅसेट यायला तासच लागायचा. घाई नाही, उडी नाही. तासाला तेरा जीबी. त्यातून डिस्क फॅट३२ची असली, तर फाइल चार जीबीला, म्हणजे वीस मिनिटांच्या आतच थांबे. आणि त्या वर्षांत भारनियमन. संगणकाला सलग तास हवा, आणि वीज मात्र पाळीने येणार. यूपीएस टूंटूं करत दहा मिनिटं तग धरी, मग सगळं काळं. कॅसेट मागे फिरवा, पुन्हा बसा. एकच फाटक, एकच इंजिन घरातल्या सगळ्यांचं पाठ झालं ते त्यामुळे.

नानांनी लाल बटण जिथे जिथे दाबलं होतं, तिथे मूव्ही मेकर कॅसेटचे तुकडे पाडी. त्या तुकड्यांवरून माणूस कळतो. गाडी गेली तरी नाना बटण दाबत नसत. फाटक उघडतं, सायकली सुटतात, कापसाची बैलगाडी रूळ ओलांडते, एक शेळी मधेच थबकते. मग केव्हातरी शॉट संपतो. नातेवाइकांसाठी सीडी करताना हे शेपूट आम्ही छाटायचो. मूळ फाइलला त्याने धक्का लागत नाही, ही त्या साध्या सॉफ्टवेअरची मोठी सोय. छाटणी फक्त पट्टीवर.

नाना कुठल्याच चित्रात नाहीत, पण आवाज सर्वांत मोठा त्यांचाच, कारण माइक त्यांच्या तोंडाशी. ‘आली, आली, सरका रे’ हे इंजिनाच्या शिटीवरही मात करतं.

मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर २०१७च्या जानेवारीत बंद केला. पीजे २०२०च्या टाळेबंदीत थांबली. मग ब्रॉडगेजचं काम निघालं. नव्या लॅपटॉपला फायरवायरचं भोकच नाही, म्हणून जुना डबा अजून टेबलाखाली आहे. हल्ली मामेभावाला स्टेटससाठी तीस सेकंदं लागतात, इंजिन आणि शिटी. ती काढून देतो. बाकीचं मी आणि आई पाहतो. आता वीज जात नाही, तेव्हा सलग.

कॅमेऱ्यातली घड्याळाची बॅटरी मधेच संपली होती, त्यामुळे निम्म्या तुकड्यांवरची तारीख धादांत खोटी. आईला त्याची पर्वा नाही. वरखेडीच्या फलाटावर ती स्वतः दिसली, तशी म्हणाली, “ही मोरपंखी साडी मावशीच्या नातीच्या बारशाची. म्हणजे हे त्याच्या नंतरचं, आणि बोअर आटला त्याच्या आधीचं.” मी फाइलला नाव दिलं : बारशानंतर, बोअरआधी.