पुन्हा खोलावे लागले तर

माउली, ‘वारी’ या शब्दातच पुन्हा जाणे आहे. एकदा जाऊन आला तो यात्रेकरू. दर वर्षी तीच वाट चालतो तो वारकरी. नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेला तुकोबारायांचा पालखी सोहळा आपल्या भागातून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापुरास येतो. मागच्या वर्षी बेलवाडीचे रिंगण पाहिले होते, म्हणून यंदाची चाल वाया गेली असे कोणी म्हणत नाही. मग प्रपंचातले एखादे काम पुन्हा करावे लागले की ‘सगळे पाण्यात गेले’ असे आपण का म्हणतो?

हा विचार घरच्या जुन्या राजदूतमुळे आला. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची ही तीन गिअरची गाडी. बारामती-इंदापूर पट्ट्यातील सप्ताहांच्या सेवा मी हिच्यावरच केल्या. रात्रीचे कीर्तन एका गावी, सकाळचे काल्याचे दुसऱ्या गावी. मागे मृदंगी आणि त्याच्या मांडीवर पखवाज. गुडघे थकले तशी गाडी गोठ्यात उभी राहिली, ती १४ वर्षे. भरतीत दोनदा राहिलेला माझा नातू दिवाळीनंतर म्हणाला, “आबा, मी हिला चालू करतो.” पोरगा कशात तरी हात घालतो आहे, एवढ्यानेच घरच्यांना बरे वाटले.

पहिल्याच दिवशी किक हलेना. पिस्टन गंजून ब्लॉकमध्ये धरला होता. कोणी म्हणाले, हातोडा घाला. हातोड्याने पिस्टन फुटतो. प्लगच्या भोकातून डिझेल सोडले, ८ दिवस वाट पाहिली, तेव्हा किक हळूच खाली गेली. बारामतीहून ब्लॉकला बोअर मारून आणला, वाढीव मापाचा पिस्टन घेतला. टू-स्ट्रोक पिस्टनच्या खाचेत बारीक खिळी असते. रिंगेची दोन्ही तोंडे तिच्यावरच जुळावी लागतात. ब्लॉक बसवताना एक रिंग सरकली आणि तुटली. पुन्हा बारामती, पुन्हा रिंगा.

मग गाडी सुरू झाली, पण स्लो धरेना. रेस आपोआप चढायची आणि गाडी एकदम बंद पडायची. कार्बोरेटर तीनदा धुतला, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. दोष तिथे नव्हताच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनखाली, क्रँकच्या खोलीत येते आणि तिथे दाबले जाऊन वर जाते. म्हणून ती खोली हवाबंद लागते. क्रँकच्या टोकाचे रबरी ऑइल सील इतक्या वर्षांत वाळून कडक झाले होते. तिथून चोरटी हवा आत शिरत होती. नामाला बसल्यावर मन ठरेना, की आपणही असेच बाहेर बोट दाखवतो: माइक खरखरतो, टाळकरी पुढे पळतात. हवा कुठून शिरते ते आत पाहावे लागते.

इंजिन पुन्हा खोलायचे म्हटल्यावर पोराचा धीर सुटला. म्हणाला, “आबा, भंगारात देऊ. माझं कुठलंच काम तडीला जात नाही.” तो केवळ गाडीविषयी बोलत नव्हता, हे मला उमगले. मी निरूपण केले नाही. एवढेच विचारले, “पहिल्यांदा खोलायला किती दिवस लागले?”

“चार.”

“आता खोलून बघ.”

दुपारपर्यंत इंजिन उघडले. कोणत्या नटाला कोणता पाना, हे आता त्याच्या हाताला पाठ होते. ज्ञानेश्वरीचे दुसरे पारायण करणाऱ्याला ओवी तीच असते, वाचणारा मात्र पुढे आलेला असतो, तसेच हे.

नवे सील बसले, गाडी स्लोवर उभी राहिली. नातू सणसरपर्यंत जाऊन आला. भरतीचा अर्जही त्याने पुन्हा भरला आहे. त्याचे काय होईल ते पांडुरंग जाणे.

माउली, तुमच्या घरी कोणाचे काम तिसऱ्यांदा मोडले असेल, तर त्याला नशिबाच्या गोष्टी सांगू नका. या खेपेस काय लवकर जमले, ते त्याला विचारा आणि तो सांगेपर्यंत जवळ बसा. पुन्हा जाण्यात आपल्या संप्रदायात कमीपणा नाही. आपले नावच त्यावरून पडले आहे.

रामकृष्णहरी!