तेर : दोन हजार वर्षांचा पत्ता

‘तुझं मूळ गाव कुठलं?’ पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या कुणालाच हा प्रश्न चुकत नाही. आपण गावाचं नाव सांगतो, फार तर पणजोबांपर्यंत पोचतो आणि गाडी तिथेच अडते. पण त्याच्याही आधी गावात कोण होतं? पहिली चूल कुणी पेटवली? हा प्रश्न घेऊन एका वीकेंडला मी तेर गाठलं.

धाराशिव शहरापासून तेर तासाभराच्या आत. तेरणा नदी, काळीभोर शेतं आणि मधेच पांढुरकी टेकाडं. आपल्याकडे शेतीला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणायची जुनी पद्धत आहे. तिचा अर्थ इथे डोळ्यांनी दिसतो. टेकाडं म्हणजे घरांवर घरं, पिढ्यांवर पिढ्या साचलेली वस्ती. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर अशीच पांढरी माती घालतात. म्हणजे बघा, आधीच्या लोकांच्या पडलेल्या घरांखाली नंतरचे लोक सुखाने झोपतात!

या गावाचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर, असं त्याचं वर्णन. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल बैलगाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून थेट भडोच बंदरावर जायची. पुढे हे तगर नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत बराच वाद रंगला. कुणी म्हणे देवगिरी, कुणी म्हणे जुन्नर. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेरवर बोट ठेवलं.

पुरावा बघायचा तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय गाठा. लामतुरे गावातलेच. टेकाडांतून आणि शेतांतून निघणाऱ्या वस्तू त्यांनी हौसेने जमवल्या. मणी, मातीच्या मूर्ती, नाणी आणि एक छोटीशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. हिची जवळजवळ बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. म्हणजे तेव्हाही इकडची कारागिरी तिकडच्या घरात पोचलेली होती. एक्स्पोर्ट क्वालिटी म्हणतात ती हीच!

पण मी आले होते माणसं शोधायला. मणी ओवणारी, कापड विणणारी, विटा भाजणारी ही घराणी कोणती? त्यांची नावं मातीत उरत नाहीत. नावं सापडतात ती गावाबाहेरच्या कागदांत, खरं तर तांब्यावर आणि दगडावर. दुसऱ्या पुलकेशीच्या इ.स. ६१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात दान घेणारा ज्येष्ठशर्मा आहे, राहणार तगर. नावानिशी भेटणारा हा फार जुना तेरकर.

आणि मग शिलाहार. ठाण्यात राज्य करणारे, १०६० मध्ये अंबरनाथचं शिवमंदिर पूर्ण करणारे. त्यांची दुसरी शाखा कोल्हापुरात. मुक्काम समुद्राजवळ किंवा पंचगंगेकाठी, पण बिरुद काय लावायचे? ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. गाव मागे पडलं, पण नावाला चिकटून राहिलं. लोकलच्या गर्दीत ‘आम्ही मूळचे अमुक गावचे’ असं अभिमानाने सांगणारे आपण काही वेगळं करत नाही.

गावात राहिलेल्यांपैकी एकाचं नाव मात्र सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे : संत गोरा कुंभार. राजा नाही, सरदार नाही. माती तुडवणारा माणूस. त्यांचं मंदिर आणि घर बघायला वारकऱ्यांची रीघ असते. साम्राज्यं येऊन गेली. आज तेर म्हटलं की लोकांना आधी आठवतात ते गोरोबाकाकाच!

आपल्या घराण्याचा माग काढायचा असेल तर तेर एक धडा देतं : फक्त गावात शोधू नका. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी दफ्तरं उर्दूत आणि मोडीतही आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या एका ओळीची किंमत घराघरांत कळली. मोडी वाचणारे फार थोडे उरलेत. एखादा वीकेंड मोडीच्या वर्गाला द्यायला काय हरकत आहे? आणि घरात आजी असेल तर आजच विचारून, लिहून ठेवा. पांढरीच्या मातीत नावं टिकत नाहीत.

कसं जाल? पुण्याहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे धाराशिव साधारण २५० किलोमीटर. तिथून तेर.

काय पाहाल? लामतुरे संग्रहालय (निघण्याआधी वेळ विचारून घ्या), विटांचं त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वर, गोरोबाकाकांचं मंदिर. परतताना शहराजवळची धाराशिव लेणी.

काय टाळाल? टेकाडावर खापर दिसलं तर खिशात टाकणं. ते कुणाच्या तरी घरातलं भांडं आहे.