आधी पाणी, मग कंगवा

कुरळ्या केसांच्या मुलाला खुर्चीत बसवलं की वडील बहुधा एकच वाक्य बोलतात, "बारीक करा, मशीन फिरवा." सरळ केसांच्या मुलाबद्दल हेच वडील सविस्तर सांगतात: बाजू किती, मागं उतार कसा, पुढं झुलपं ठेवायची की नाहीत, भांग कुठल्या अंगाला. कुरळ्याचा निकाल मात्र दुकानात पाऊल टाकायच्या आधीच लागलेला असतो. कोल्हापुरातच असं घडतं असं नाही, पण या गावात कात्री धरणाऱ्यानं त्याचा विचार करायला एक खास कारण आहे, ते पुढं येईल. कुरळे केस हा दोष नाही, ती केसाची वेगळी घडण आहे आणि तिला वेगळा हात लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे. तो हात आपण शिकलो नाही. म्हणून त्या डोक्यात आपण कधी देवी पाहिली, कधी नुसता 'अवतार' पाहिला. केस पाहायचे राहून गेले.

केस सरळ उगवणार की वळत, हे कातडीच्या आतच ठरतं. केस ज्या बारीक नळीत रुजलेला असतो ती सरळ असली तर केस सरळ येतो, वाकडी असली तर तो वळत बाहेर पडतो. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बराचसा गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल दिसतो. पुढचं सगळं यातूनच येतं. टाळूत तयार होणारं तेल सरळ केसावरून महामार्गावरच्या गाडीसारखं टोकापर्यंत उतरतं; कुरळ्या केसावर तेच तेल आंबा घाटातल्या गाडीसारखं वळणावळणाला रेंगाळतं. म्हणून कुरळ्या मुलाची टाळू तेलकट आणि टोकं वाळकी, असं एकाच डोक्यावर दिसतं. शिवाय प्रत्येक केसावर कौलांसारखे खवले एकावर एक बसलेले असतात. वळणाच्या जागी ही कौलं थोडी उचलली जातात, शेजारच्या केसाच्या कौलांत अडकतात, आणि गुंता होतो. मुलगा आळशी आहे, वांड आहे, सांगितलेलं ऐकत नाही, याचा गुंत्याशी काही संबंध नाही. घरोघरी सकाळी शाळेच्या घाईत या गुंत्यावरून मुलाला जे ऐकून घ्यावं लागतं, ते त्याच्या वाट्याचं नसतं.

जावळाबद्दलचा एक गैरसमज इथंच दूर करतो. जावळ कुलदैवतापुढं काढावं, जोतिबाच्या डोंगरावर काढावं, मामाच्या मांडीवर काढावं, त्यात आनंद आहे आणि तो असू द्यावा. पण जावळ काढलं की पुढचे केस दाट आणि सरळ येतात, ही समजूत खरी नाही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, आतल्या मुळाला तो शिवतही नाही. नवा केस राठ वाटतो, कारण त्याचं निमुळतं टोक जाऊन बोथट टोक हाताला लागतं. वळण बदलतं ते वाढत्या वयात, शरीराच्या आतल्या घडामोडींनी. लहानपणी सरळ केस असलेल्या मुलाच्या डोक्यावर बाराव्या-तेराव्या वर्षी बटा वळायला लागल्या तर घरात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

आता ते खास कारण. कोल्हापूर जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे कागल, गडहिंग्लज, चंदगड आणि त्याला लागून निपाणी, हा सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारा मुलूख. मार्गशीर्षातल्या यात्रेला इथून गाड्या भरभरून जातात. या मुलखात केसात जट दिसली की तो देवीचा सांगावा मानत. ती कापायची नाही, विंचरायची नाही, उलट तिला भंडारा लावायचा. मुलीच्या डोक्यात जट आली तर तिला देवीला सोडायची, मुलाच्या डोक्यात आली तर त्याला जोगत्या करायचा. केसाच्या एका गुंत्यावरून आख्खं आयुष्य ठरायचं. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी हे मराठी वाचकासमोर आणलं, आणि त्यांच्या आधारानं 2009 साली निघालेला 'जोगवा' चित्रपट तर घराघरांत पोचला. देवदासींच्या प्रश्नावर 1975 साली गडहिंग्लजला परिषद भरली. कर्नाटकानं 1982 मध्ये आणि महाराष्ट्रानं 2005 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरच्यांची समजूत काढून जटा कापतात. या सगळ्या चळवळीत आमच्या धंद्यातला माणूस एक साधी गोष्ट सांगू शकला असता: जट कशी होते, ते हाताला माहीत असतं. वाळके केस, उचललेले खवले, त्यात घाम, धूळ आणि तेल, वर कंगव्याचा पत्ता नाही. लोकर ओली करून चोळत राहिलं की तिचा जसा नमदा होतो, तशी केसांची दाट गादी तयार होते. लांब केस असतील तर हे सहज घडतं, कुरळे असतील तर आणखी लवकर.

यावर कुणी म्हणेल की श्रद्धेच्या गोष्टीत न्हाव्यानं बोलू नये. यल्लम्मावरची श्रद्धा ज्याची त्याची, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण जट सौंदत्तीच्या वाटेवरच होते असं नाही. युरोपात पोलंडमध्ये अशाच जटा शेकडो वर्षं माणसांच्या डोक्यावर असत. शरीरातला आजार या जटेत उतरतो, ती कापली तर माणूस आंधळा होईल किंवा त्याला वेड लागेल, असं तिथली माणसं धरून चालत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राकोवचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डिट्ल यांनी जटा असलेल्या माणसांची पाहणी केली आणि केस धुवा, जटा कापा, असा आग्रह धरला. तिथं यल्लम्मा नव्हती, भंडारा नव्हता, चौंडकं वाजत नव्हतं, तरी जट होती. न धुतलेला आणि न विंचरलेला केस सगळीकडे सारखाच वागतो.

आज शहरात जटेची भीती फारशी उरलेली नाही. पण तिच्यामागची चूक तशीच आहे, फक्त तिनं कपडे बदलले. पूर्वी गुंत्याचा अर्थ देवीत शोधला जायचा, आता तो मुलाच्या वळणात शोधला जातो. 'झिपऱ्या', 'खराटा', 'काय अवतार केलायस' हे शब्द त्यातूनच येतात. दोन्हीकडे केस कसा आहे हे कुणी विचारलं नाही. आणि मशीननं आणखी एक गोष्ट केली. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, फार तर थोडा जास्त वाढतो. कुरळ्या केसाला आपलं वळण दाखवायला तीन-चार सेंटीमीटर तरी लांबी लागते. महिन्याच्या महिन्याला डोक्यावरून मशीन फिरणाऱ्या मुलाला आपले केस कुरळे आहेत हे धड कळतही नाही. ते ताठ उभे राहतात, एवढंच त्याला आरशात दिसतं. आपले केस वाईट आहेत असं तो दहा वर्षांचा होईपर्यंत धरून बसतो आणि पुढं मिसरूड फुटल्यावर ते सरळ करायला पैसे घालवतो.

मग करायचं काय? कुरळ्या केसाला कोरडा कंगवा कधीच लावू नये, आणि यात दसरा-दिवाळीचाही अपवाद नको. आठवड्यातून दोनदा डोकं धुवावं. शॅम्पू टाळूला चोळावा. टोकांना तो ओघळून जेवढा लागेल तेवढा पुरे. मग कंडिशनर, पण तो उलट्या बाजूनं: टाळूला नाही, केसांच्या लांबीला आणि टोकांना. कंडिशनर लावलेला असतानाच आधी बोटांनी गुंता सोडवावा, मग रुंद दातांचा कंगवा घ्यावा आणि टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावं. गाठ आली की तिच्या वरचा केस दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरावा, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोचत नाही आणि मूल रडत नाही. टॉवेलनं खसाखसा पुसू नये. जुना सुती पंचा किंवा आजीच्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन दाबून पाणी टिपावं. केस ओला होतो तेव्हा त्याच्या आतले काही कच्चे बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, म्हणून केस ज्या आकारात वाळतो तोच आकार धरून ठेवतो. तेव्हा ओल्या बटा बोटांनी जागेवर बसवाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. सगळ्यात अवघड काम हेच, कारण आयांचा हात मुलाच्या डोक्यावरून फिरल्याशिवाय राहत नाही. खोबरेल तेल धुण्याआधी लावावं, नंतर नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका अभ्यासात आढळलं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हेही सांगायला हवं, पण आमच्या आज्यांनी न्हाण्याआधी तेल लावायची जी रीत ठेवली तीही हेच सांगते.

इथं जाणता माणूस अडवतो: ओला केस तर कमकुवत असतो, तो विंचरला तर तुटणार नाही का? आक्षेप बरोबर आहे. पाणी प्यालेला केस फुगतो, ताणला तर लांबतो आणि लवकर तुटतो. सरळ केसाच्या मुलाचे केस म्हणूनच थोडे वाळू द्यावेत आणि मग विंचरावेत. पण कुरळ्या केसाचा हिशेब वेगळा. कोरड्या गुंत्यात खवल्यात खवले रुतलेले असतात, ते सोडवायला इतका जोर लागतो की केस मधेच तुटतो. पाणी आणि कंडिशनर मिळून ही घसट इतकी कमी करतात की जोर लावावाच लागत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही हाच भेद करते: सरळ केस थोडे वाळल्यावर विंचरा, घट्ट कुरळे केस ओलसर असतानाच, रुंद दातांच्या कंगव्यानं.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी डबा, दप्तर, रिक्षा, त्यात हे कधी करायचं? पण हा उद्योग रोजचा नाही. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं, आणि बाकीच्या दिवशी ओला हात फिरवून बटा जागेवर बसवायच्या. कंगवा नाहीच. रोज सकाळी कोरडा कंगवा फिरवून होणारी रडारड वजा केली तर वेळ वाचतोच. उवांचं म्हणाल तर त्या डोक्याला डोकं लागून येतात, केसाच्या वळणामुळं येत नाहीत. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसात फणीही जास्त सहज चालते.

तालमीचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींत उतरणाऱ्या पोराच्या डोक्यात तांबडी माती जाते, घामात कालवली जाते, त्याचं डोकं बारीक असलेलंच बरं. ती कामाची गरज आहे. लंगोट न लावणाऱ्या मुलाला तोच कट शिक्षा म्हणून द्यायचा, हे मात्र पटत नाही. शाळेचंही तसंच. शाळेला नीटनेटकेपणा हवा असतो, आणि कानावर, मानेवर न येणारे कुरळे केस नीटनेटके असू शकतात. पेठांतली पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहून येतात आणि आवडत्या खेळाडूसारखे केस मागतात. कुरळ्या मुलानं मॅराडोनाकडं, सलाहकडं बोट दाखवलं तर त्याला हसू नये. निदान त्या मागणीला त्याच्या डोक्यावर आधार तरी असतो.

कापणाऱ्याचं कामही बदलायला हवं, आणि आमच्या चुका इथं जास्त आहेत. कुरळा केस ओला असताना लांब दिसतो, वाळला की स्प्रिंगसारखा वर जातो. ओला ताणून, कंगव्यावर धरून, सरळ केसाच्या मापानं कापला की दोन बोटांऐवजी चार बोटं गेलेली असतात. म्हणून तो कोरडा, त्याच्या मूळ वळणात असताना, बट बट पाहून कापावा. विरळ करायची कात्री लहान मुलाच्या कुरळ्या केसात चालवूच नये. ती आत आखूड केस सोडते, ते वरच्या बटांना ढकलतात आणि डोकं पिंजल्यासारखं होतं. भोवऱ्याजवळ लांबी राखावी. काही मुलांना दोन भोवरे असतात आणि घरची माणसं त्यावरून दोन बायकांचा विनोद करतात. कापणाऱ्यानं मात्र तिथं थांबून केस कुठं पडतो ते पाहावं. बाजू मशीननं बारीक आणि वर पाच-सहा सेंटीमीटर वळण, ही बहुतेक मुलांना शोभणारी आणि शाळेलाही चालणारी रचना आहे.

गिऱ्हाइकानं सांगितलं तेवढं करावं, आपलं मत सांगू नये, असं आमच्यातले पुष्कळ जण मानतात. पण या व्यवसायाचा इतिहास तसा नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. त्या नकारापुढं मुलाची हजामत फार छोटी गोष्ट आहे, तुलना करायची नाही. पण कात्री धरणाऱ्याला मत असू शकतं आणि ते तो बोलू शकतो, एवढं त्यातून दिसतं. मशीन हातात घेण्याआधी "केस कुरळे आहेत, दोन महिने वाढू देता का?" एवढं वडिलांना विचारायला काहीच लागत नाही. आणि एकदा मुलालाही विचारावं, केस त्याचेच आहेत.

आईवडिलांना एकच विनंती. रविवारी सकाळी दुकानात रांग असते, तेव्हा कुरळ्या केसांच्या मुलाला आणू नका. आदल्या दिवशी त्याचं डोकं धुवा, तेल लावू नका, कंगवा फिरवू नका, आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी आणा. कुरळे केस नीट कापायला पाऊण तास लागतो.