सरासरीला इथे कोण विचारतो

हवामानाची मॉडेलं चालवून मी पुण्यातल्या या लॅबमध्ये आलो. तिथे एखादा प्रोसेसर रेंगाळला तर उत्तर दहा मिनिटं उशिरा मिळायचं, तेवढ्यात चहा व्हायचा. इथे काम होतं रिले, म्हणजे ग्रिडमधला बिघाड (फॉल्ट) ओळखून ब्रेकरला ट्रिप देणारं यंत्र, तपासण्याचं. रिले खरा, त्याला जोडलेली ग्रिड मात्र संगणकातली. दर ५० मायक्रोसेकंदांनी सगळ्या नोडचं व्होल्टेज नव्याने काढायचं, ते ॲम्प्लिफायरमधून रिलेला द्यायचं, आणि त्याने ट्रिप दिली की ब्रेकर उघडायचा. ५० हर्ट्झच्या एका सायकलमध्ये अशा ४०० स्टेप. एक जरी लांबली तरी वेव्हफॉर्मला खाच पडते, आणि रिले बिचारा तिलाच फॉल्ट समजू शकतो.

माझी स्टेप सरासरी तीसेक मायक्रोसेकंदांत संपायची. मी खुशीत होतो. पारेषणात आयुष्य काढलेले आमचे सर म्हणाले, ‘‘सरासरी राहू दे. सगळ्यात वाईट स्टेप दाखव.’’

ती वेळेत बसत नव्हती. काम आणखी कोअरवर वाटावं, तर कोअर एकमेकांची वाट बघण्यातच वेळ घालवत. सरांनी ग्रिडचा नकाशा पुढे ओढला. ‘‘लांब लाइन बघ आणि तिथे काप.’’ लाइनवरची लहर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाते; ५० मायक्रोसेकंदांत फार तर १५ किलोमीटर. लाइन त्याहून लांब असेल तर इकडची घडामोड तिकडे त्याच स्टेपमध्ये पोचूच शकत नाही. म्हणजे दोन टोकं दोन कोअरवर बिनधास्त सोडवावीत, निरोप पुढच्या स्टेपला पोचला तरी चालतो. हरमन डोमेल यांनी १९६९ साली लाइनचं जे गणित मांडलं, त्यातच ही सोय आहे. चंद्रपूर-पडघे एचव्हीडीसी लाइन ७५२ किलोमीटरची, तिथे सवडच सवड. मुंबईत मात्र सबस्टेशनं इतकी जवळजवळ, की कात्री लावायला जागा नाही.

तरीही काही तासांनी एखादा ओव्हररन, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांत न संपलेली स्टेप, यायचाच. कोअर राखून ठेवले, हायपरथ्रेडिंग बंद केलं, लूपमधलं मेमरी मागणं काढलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदीत काही दिसेना, कारण चोर तिच्याही खालच्या मजल्यावर होता: यूएसबी कीबोर्ड जुन्या पद्धतीचा भासवण्यासाठी बायोस मधूनच प्रोसेसर हिसकावून घेत होता. तो पर्याय बंद केला.

सोमवारी सरांनी ओव्हररनचा काउंटर बघितला. शून्य.

‘‘छान. आता मुंबई जोड.’’