माणसांकडून माळाकडे

पुष्कळ वर्षे मी माणसांची छायाचित्रे काढीत आलो आहे. या कामात छायाचित्रकाराच्या हाती थोडीशी सत्ता असते. “जरा मान वळवा, हनुवटी वर घ्या,” असे म्हटले की समोरचा मनुष्य ऐकतो. डोंगर मात्र कोणाचे ऐकत नाही. तेथे आपणांसच जागा बदलावी लागते, व उजेडाची वाट पाहावी लागते. निसर्गचित्रणाचा पहिला धडा हाच होय.

हा धडा मला एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांमुळे मिळाला. रस्त्यासाठी त्यांचे शेत जावयाचे होते. “गुरुजी, माझा फोटो नको, शेताचा काढून द्या,” असे ते म्हणाले. मनुष्याचा फोटो पुन्हा काढता येतो. ते शेत मात्र पुढील वर्षी दिसणार नव्हते.

चेहऱ्यासाठी मी ८५ मिलिमीटरचे भिंग लावून त्याचे छिद्र एफ २ इतके मोठे ठेवतो. त्यामुळे चेहरा स्पष्ट उमटतो व मागचे सारे धूसर होते. येथे तर पायाजवळचे ढेकूळ आणि दूरचे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, दोन्ही स्पष्ट हवी होती. म्हणून २४ मिलिमीटरचे भिंग घेऊन छिद्र एफ ११ इतके लहान केले. छिद्र लहान झाले की उजेड कमी येतो, व कॅमेऱ्याचा पडदा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही; यास्तव तिपाई हवीच.

तथापि जुनी विद्या वाया गेली नाही. खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावरील सुरकुत्या उठावदार करतो. सकाळचे तिरपे ऊन नांगराच्या तासांना तसेच उठाव देते. माथ्यावरचा सूर्य सर्व काही सपाट करून टाकतो.

असा उजेड फार वेळ थांबत नाही. १ नोव्हेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात ॲन्सेल ॲडम्स यांना हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र दिसला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचे ठाऊक असलेले मान धरून त्यांनी हिशेब केला व चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वीच स्मशानभूमीतील क्रुसांवरचे ऊन ओसरले होते.

शेताचे चित्र हाती घेऊन त्या वृद्ध गृहस्थांनी एका रेषेवर बोट ठेवले आणि म्हटले, “हा बांध माझ्या वडिलांनी घातला.” तो चेहरा माझ्या चित्रात नव्हता, पण त्या मनुष्याची ओळख त्यात होती.

विद्यार्थिमित्रहो, घरातील साधा मोबाईलही आरंभास पुरे. आपल्या अंगणातून दिसणारे एकच दृश्य सकाळी, दुपारी व सायंकाळी टिपा. मग तिन्ही चित्रे वडील माणसांपुढे ठेवून त्या जागेची हकीकत विचारा.